सासूबाईंचा डोंगर

लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात माझ्या सासूबाईंनी मला वाण म्हणून बूट दिले.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतून एकदा येणारा. आमच्या वऱ्हाडात ते जावयाचे दिवस. एरवी ज्याला घरात कुत्रं विचारत नाही असा माणूसही त्या दिवशी पाटावर बसतो, पाय धुऊन घेतो, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खातो आणि उठताना चांदीचं निरांजन नाहीतर अंगठी खिशात घालून घरी येतो. माझ्या ऑफिसातल्या एकाला तर मोटरसायकल मिळाली होती. त्यामुळे मीही जरा आशेनंच अकोल्याहून अमरावतीला गेलो होतो. जेवण झालं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आले, त्यावर दिवा लागला, आणि ताटाशेजारी एक पुठ्ठ्याचा खोका आला. मला वाटलं, मिक्सर. उघडला तर आत जाड तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे मातकट बूट. माप बायकोनं मी झोपेत असताना वर्तमानपत्रावर काढून माहेरी पोचतं केलं होतं.

“सोनं लॉकरात राह्यते, जवाईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “हे कामी येतीन. दिवाळीत नरनाळ्याच्या गडावर जाऊन येऊ.”

मी अकोल्याचा. आमच्या गावात चढ म्हणावा असा रेल्वेचा उड्डाणपूल तेवढा, आणि त्यावरही मी गाडीनंच जातो. उंचीची मला लहानपणापासून भीती. गच्चीवरची टाकी धुवायची तर मी माणूस बोलावतो. सुट्टी म्हणजे उशिरा उठणं, पोहे खाणं आणि दुपारी कूलरसमोर आडवं होणं, अशी माझी साधी समजूत होती. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीनं ती समजूत कधी दुखावली नव्हती. ती सासूबाईंनी दुखावली, आणि पुढची बरीच वर्षं दर दिवाळीत आणि दर उन्हाळ्यात दुखावत राहिल्या.

नाही म्हणायची सोय नव्हती. जावई आणि सासू यांच्यात आमच्याकडे एक अवघड मर्यादा असते. सासूनं बोलावलं की जावई जातो आणि जावयानं मागितलं की सासू देते. दोघांनाही एकमेकांशी भांडता येत नाही. सासूबाई मला तोंडावर कधी “चला” म्हणाल्या नाहीत. “जवाईबापू आले तर बरं होईन,” असं त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणत, आणि मी मुकाट्यानं बूट शोधायला लागत असे.

त्या तीस वर्षं मेळघाटात नर्स होत्या. अमरावतीत अजूनही भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. माझे सासरे लग्नाच्या आधीच गेले होते, मुलगा पुण्यात, मुलगी माझ्याकडे. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या. ह्यांनी सात-आठ जणी जमवल्या आणि डोंगर धरले. त्यात दोन जुन्या नर्सा होत्या, एक पोस्टातून रिटायर झालेल्या बाई होत्या, शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याची बायको होती, आणि उर्दू शाळेत शिकवलेल्या एक बाई होत्या, त्यांना सगळ्या बाजी म्हणजे ताई म्हणत. बाजी ही त्यांची सगळ्यात जुनी मैत्रीण. नऊवारी-पाचवारी असेल ती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना फुलबाह्यांचा सदरा, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि पायात बूट, अशी ही फौज बडनेरा स्टेशनवर उभी राहिली की लोक वाट करून देत. बाजी तेवढ्या सलवार-कुर्त्यात असत आणि बाकीच्यांना हसत.

सासूबाई हातात काही घेत नसत. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. त्यांची बाटली बाजींकडे, डबा पोस्टातल्या बाईंकडे, औषधांची पिशवी एका नर्सेकडे. त्या स्वतः दोन्ही हात मोकळे सोडून सगळ्यांच्या पुढं चालत. जावयाकडून ओझं उचलून घेणं पाप, त्यामुळे मीही मोकळाच. साठीच्या बायका पाठीवर बोचकी घेऊन चालल्या आहेत आणि पस्तिशीचा धडधाकट मी मागून हात हलवत, धापा टाकत येतो आहे, हे दृश्य पाहून वाटेतली पोरं फिदीफिदी हसायची. एकदा मी न राहवून विचारलं, “आई, तुम्ही काहीच का घेत नाही?”

“तीस वर्सं लशीचा डबा घेऊन चालली मी,” त्या म्हणाल्या. “बर्फ इतळायच्या आत पोचा लागे. तीस वर्सं मेळघाटात राह्यली, पण डोंगर काही मी पाह्यला नाई. पायाखालची वाट पाह्यली आन् हातातलं घड्याळ. आता बिनओझ्याचं जाऊन पाहून राहिली.”

मी पुढं कधी विचारलं नाही.

चढणे हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. कळसूबाई असो की कोपऱ्यावरचा किराणा, त्या “जाऊन येऊ” एवढंच म्हणत. किती वेळ लागेल, किती उरलं, असं विचारलेलं त्यांना आवडत नसे. “पायाले इचारू नका, जवाईबापू. पाय नाईच म्हणते.” गडावर मोटारीचा रस्ता आहे, वनखात्याची पावती फाडली की गाडी थेट वर जाते, हे मी त्यांना नरनाळ्याच्या पायथ्याला शहानूरला दर वर्षी नव्यानं सांगत असे. त्या शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, “हो ना. लोकायची किती सोय झाली,” आणि पायवाटेला लागत.

दम तपासायची त्यांची एक पद्धत होती. कोणी मागं पडला की त्या थांबत आणि त्याला मावश्यांची नावं विचारत. नावं आणि गावं, न थांबता. सगळ्या मावश्या एका दमात झाल्या तर माणूस ठीक आहे, चला. मध्ये श्वास तुटला तर दहा मिनिटं बसा. मावश्या कमी पडल्या तर आत्या. मला चार मावश्या. पहिल्या वर्षी मी खरोखर दुसरीवर तुटत असे. दुसऱ्या वर्षापासून मी दुसरीवर ठरवून तुटायला लागलो. हे बराच काळ चाललं. मग एकदा परतीच्या वाटेवर, अकोटच्या बसस्टँडवर बाकावर बसलेलो असताना, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या त्या दर्यापूरच्या मावशीचं बरं आहे का?” आणि मी सवयीनं तिथंही धाप लावली. बाजी तोंडाला ओढणी लावून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण पुढच्या वेळेपासून त्या मला मावश्यांच्या ऐवजी पाटबंधारे खात्यातल्या साहेबांची नावं विचारायला लागल्या, आणि ती मला झोपेतही एका दमात येतात.

कळसूबाईला गेलो ते साल माझ्या बायकोला अजून आठवलं तरी हसू येतं. तिथं वाटेत लोखंडी शिड्या आहेत. पहिल्या शिडीच्या मध्यावर मी खाली पाहिलं आणि हातपाय जागच्या जागी थिजले. वर जाता येईना, खाली येता येईना. मागं पुण्या-मुंबईच्या मुलांची रांग. त्यांच्यातला एकजण “काका, पटकन” म्हणाला. सासूबाई वरून सगळं पाहत होत्या. दुसरं कोणी असतं तर त्यांनी खडसावून वर घेतलं असतं. स्वतःच्या मुलाला तर चापट मारली असती. पण मी जावई.

“जवाईबापू, तुमी निवांत उभे राहा,” त्या वरून म्हणाल्या. मग रांगेकडे वळून त्यांनी सांगितलं, “बाप्पाहो, जरा थांबा. आमचे जवाई आहेत.”

ती मुलं काय समजली कोण जाणे, पण थांबली. पंचवीस मिनिटं थांबली. मध्येच एकीनं मला गोळी दिली, एकानं आपल्या फोनवर गाणं लावलं. शेवटी बाजी उलट्या पावली खाली आल्या, शिडीच्या कडेनं माझ्या खाली सरकल्या, माझा एक एक पाय हातानं धरून एक एक पायरी खाली ठेवत गेल्या आणि मला जमिनीवर सोडून पुन्हा वर निघून गेल्या. मी पायथ्याच्या बारी गावातल्या एका घरगुती हॉटेलात जाऊन तीन प्लेट भजी खाल्ली. संध्याकाळी सगळ्या खाली आल्या तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, “भजे चांगले होते?” शिडीचा विषय त्यांनी त्या दिवशीच काय, पुढं कधीच काढला नाही. मर्यादा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर मला ती बाई त्या दिवसापासून आवडायला लागली. डोंगर मात्र नाही आवडला.

माथ्यावर त्या पाच मिनिटांच्या वर थांबत नसत. फोटो काढत नसत. “वर काय असते? वाराच असते,” म्हणत. मग एवढा जीव काढून जायचं कशाला, असं मी नरनाळ्यावर एकदा विचारलं. (होय, नरनाळ्यावर मी काही वेळा पोचलो होतो, पण कधीच स्वतःच्या हिमतीवर नाही, पुढून बाजी आणि मागून पोस्टातल्या बाई असा बंदोबस्त असे.) त्या वारा खात उभ्या होत्या. जरा विचार करून म्हणाल्या, “इथून घर दिसत नाई.” एवढंच.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतो आहे ती घडली तेव्हा त्या सहासष्टच्या होत्या. नरनाळ्यावरूनच उतरताना (त्या खेपेला मी नव्हतो), अगदी सोप्या जागी, सागाच्या वाळल्या पानांवरून त्यांचा पाय सरकला. डावं मनगट मोडलं. त्यांनी स्वतःच दोन काटक्या लावून बाजींच्या ओढणीनं हात बांधला, पायी खाली आल्या, बसनं अमरावतीला आल्या, आणि संध्याकाळी प्लास्टर घालून झाल्यावर आम्हाला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत. ह्या वेळी मनगट, पुढच्या वेळी खुबा. खुबा मोडला तर ह्या वयात माणूस अंथरूणच धरतो.

रात्री पुण्याहून मेहुण्याचा फोन. तो आईशी तासभर भांडला होता आणि हरला होता. माझी बायको दोन दिवस माहेरी राहून भांडून आली, तीही हरली. “ती म्हणते, मोडला तर मोडला. माझा हात, माझा डोंगर,” बायको म्हणाली आणि रडायला लागली. तिचे वडील अचानक गेले होते. तिची भीती खरी होती.

मग तिनंच तो मार्ग काढला. पुढच्या महिन्यात धोंडा येत होता. “तुम्ही मागा,” ती म्हणाली. “पाटावर बसून मागा. जावयानं धोंड्यात मागितलेलं तिनं दिलं नाही असं होणार नाही. भावाचं ऐकणार नाही, माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकावंच लागेल.” फोनवर मेहुणाही म्हणाला, “भाऊजी, आता तुमच्याच हातात आहे.”

मी दोन दिवस विचार केल्यासारखं दाखवलं. पण इथं खोटं बोलत नाही. सासूबाईंच्या हाडांची काळजी मला होतीच, पण तिच्या मागं दुसरी एक गोष्ट हळूच बसली होती. डोंगर बंद झाले तर माझ्या दिवाळ्या मोकळ्या होणार होत्या. कूलर, पोहे, झोप. मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून मी थांबलो नाही.

धोंडा त्या वर्षी श्रावणात आला होता. बाहेर झड लागलेली. सासूबाईंचं प्लास्टर निघालं नव्हतं, तरी एका हातानं त्यांनी माझे पाय धुतले, मी नको नको म्हणत असताना. धोंडे शेजारणीनं करून दिले होते. अनारशांचं ताट समोर आल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “आन् काय पाय्जे, जवाईबापू? मागा.” हे नुसतं विचारायचं असतं. जावयानं लाजून “काही नको” म्हणायचं असतं.

“मागू?” मी म्हणालो.

“मागा ना.”

“डोंगर बंद करा, आई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत होती. सासूबाईंना सगळं समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी देवघरातून पळी आणि पंचपात्र आणायला सांगितलं. दान देताना करतात तसं, माझ्या ओंजळीत पळीभर पाणी सोडलं.

“देला,” त्या म्हणाल्या. “जेवा आता. धोंडे गार होऊन राहिले.”

त्यांनी शब्द पाळला. आमची कल्पना अशी की नरनाळा, कळसूबाई, असलं अवघड काही बंद व्हावं. थोडं फिरणं चालू राहावं. पण त्यांनी सगळंच सोडलं. अमरावतीत गावातच मालटेकडी आहे, लहान लेकरं पळत वर जातात, म्हातारी माणसं सकाळी फिरायला जातात. सासूबाई रोज पहाटे तिथं जात असत. तीही बंद झाली. दिवाळीत मी गाडी काढून म्हटलं, चला चिखलदऱ्याला, नुसतं बसू, कॉफी पिऊ, रबडी खाऊ. त्या आल्या नाहीत. घाटाच्या पायथ्याशी परतवाड्याला बहिणीकडे उतरल्या आणि आम्ही खाली येईपर्यंत तिथंच थांबल्या.

“आई, गाडीनं वर जाणं म्हणजे काही डोंगर नाही,” मी म्हणालो. “आणि मालटेकडी म्हणजे तर मुळीच नाही.”

“तुमी मागताना माप सांगतलं नोतं,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं.

माझ्या दिवाळ्या मोकळ्या झाल्या. पहिल्या वर्षी मी खरोखर सकाळी नऊला उठलो. दुसऱ्या वर्षी आम्ही अमरावतीला गेलो तेव्हा सासूबाई दिवाणावर बसून टीव्ही पाहत होत्या. मी गेल्यावरही त्यांनी आवाज कमी केला नाही. ह्या बाईला मी कधी टीव्ही पाहताना पाहिलं नव्हतं. चालणं कमी झालं तसे गुडघे धरले. शुगर निघाली. बायको म्हणाली, वय झालं. मी मान हलवली. पण मला माहीत होतं की दोन वर्षांपूर्वी ही बाई मोडका हात बांधून गड उतरून आली होती.

त्यांच्याविना ती फौज एकदाच कुठंशी गेली, आणि मग पांगली. एकदा राजकमल चौकात बाजी भेटल्या. हातात औषधांची पिशवी. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, “दामादजी, बुरा मत मानना. आपने बहुत बड़ी चीज मांग ली. बेटा मांगता तो वो लड़ लेती. बेटी मांगती तो भी लड़ लेती. आपसे कैसे लड़ती?”

मी म्हणालो, “बाजी, त्यांच्या भल्यासाठीच.”

“हाव,” बाजी म्हणाल्या. “भला तो हुआ.” आणि ऑटोत बसून गेल्या. मी तिथंच उभा राहिलो. घरी आल्यावर बायकोला हे सांगायला मला आठ दिवस लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला वाटलं होतं ती जिवंत राहावी. ती नुसती बसून राहील असं नव्हतं वाटलं.” तेव्हा आम्ही ठरवलं की पुढच्या धोंड्यात मी ते परत करायचं. ज्यानं मागितलं त्यानंच सोडलं तर मोकळं होईल, असा आमचा हिशेब.

यंदाचा धोंडा भर जेठातला. अमरावती भाजून निघत होती. सासूबाईंना आता खाली बसवत नाही, म्हणून त्यांनी खुर्चीवर बसूनच माझे पाय धुतले. जेवण झालं. अनारसे आले. ह्या वेळी त्यांनी “मागा” म्हटलंच नाही. मागच्या वेळी तसं म्हणून पोळल्या होत्या. मीच बोललो.

“आई, मागच्या धोंड्यात जे मागितलं, ते मी परत देतो. तुम्ही डोंगरावर जा. जमेल तेवढंच जा, पण जा.”

त्या पदरानं हात पुसत होत्या. थांबल्या.

“दान परत घेत नसतात, जवाईबापू.”

“पण मीच देतो आहे ना.”

“तुमी देऊन राहिले. मी घेऊन राहिली का?” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, रोजचा. मग थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं की पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. जावयाकडे नाही, माणसाकडे पाहावं तसं. “मी डोंगर बंद नाई केला. तुमी मांगतला, मी तुमाले देला. अख्खा देला. तीन वर्सं झाली. तुमी काय केलं त्याचं?”

बायको उठून आत गेली. मी अनारशांच्या ताटाकडे बघत बसलो आणि मला एकदम रडू आलं. पाटावर बसलेल्या जावयाला धोंड्याच्या दिवशी रडू येणं हे कुठल्याच रीतीत बसत नाही, त्यामुळे कुणाला काय करावं सुचेना. शेवटी सासूबाईंनीच पाण्याचा पेला पुढं केला.

“नरनाळ्यावर तळं हाय,” त्या म्हणाल्या. “जेठात त्याच्यात पाणी राह्यते का नाई, ते मी दर वर्सी पाहून ये. तीन वर्सं झाली, मले काई मालूम नाई.”

पुढच्या रविवारी पहाटे मी अकोल्याहून निघालो आणि शहानूरला पोचलो. बरोबर कोणी नव्हतं. वनखात्यानं दिलेला वाटाड्या होता, तो पुढं पुढं जाऊन झाडाखाली बसून माझी वाट पाहायचा. पहिल्या दरवाज्याशी माझा जीव गेला. मी बसलो, सगळं पाणी संपवलं आणि खाली आलो. संध्याकाळी अमरावतीला जाऊन खरं ते सांगितलं.

“पुढच्या आयतवारी थोडं पुढं जा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी मी अर्ध्याच्या वर गेलो. एका जागी वाट अरुंद आहे आणि डावीकडे खोल दरी. तिथं पुढून बाजी नव्हत्या आणि मागून पोस्टातल्या बाई नव्हत्या. मी झाडाचं मूळ धरून बसून राहिलो, मग बसल्या बसल्याच सरकत मागं आलो. गाडीनं वर जाऊन तळं पाहून येता आलं असतं. ते डोक्यात आलं नाही असं म्हणणार नाही. वाटाड्यानंही सुचवलं. पण माझ्याकडून ते झालं नाही, का ते मला नीट सांगता येणार नाही.

तिसऱ्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. आठवडाभरात पाऊस लागणार असं सगळे म्हणत होते. त्या अरुंद जागेवरून मी दरीकडे पाठ करून, कड्याच्या भिंतीला तोंड लावून, एक एक पाऊल सरकत गेलो. पलीकडे गेल्यावर मला बाटलीचं झाकणही उघडेना, ते वाटाड्यानं उघडून दिलं. साडेदहाला मी तळ्याच्या काठाला उभा होतो. वारा होता. आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि खरंच, तिथून कुणाचंही घर दिसत नव्हतं.

संध्याकाळी अमरावतीला पोचलो तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. मला वाटतं त्या दुपारपासूनच वाट पाहत असाव्यात. मी बूट दारात काढले.

“पोचलो,” मी म्हणालो. “पाणी आहे.”

“किती?”

“काठाच्या दगडांच्या तीन ओळी उघड्या पडल्या आहेत. त्याच्या खाली पाणी आहे. हिरवट, पण आहे.”

“तीन?”

“तीन. मोजून आलो.”

त्यांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, “चौथी उघडी पडली की पाऊस येते.”